वाचकांचे प्रश्न : एनबीएची सॅलरी कॅप

प्रश्न : एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगची २०२५-२६ हंगामाची सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगारखर्चाची मर्यादा, १५ कोटी ४६ लाख डॉलर आहे, तरी कितीतरी संघांचा पगारखर्च १९ कोटींच्या आसपास जातो. मग ही मर्यादा कसली? आयपीएलमध्ये असं चालत नाही.

उत्तर : आयपीएलची पर्स संपली की खरेदी संपली. राखून ठेवलेल्या खेळाडूंचे पैसेही तिच्यातूनच वळते होतात. एनबीएची कॅप मात्र ओलांडता येते, पण ठरलेल्या वाटांनीच. कॅपखाली जागा असेल तर त्या जागेत बाहेरचा खेळाडू घेता येतो. जागा नसेल तर प्रत्येक नव्या करारासाठी नियमातली एखादी सवलत लागते.

सगळ्यात मोठी सवलत लॅरी बर्ड या दिग्गज खेळाडूच्या नावाने ओळखली जाते; तिलाच बर्ड हक्क म्हणतात. खेळाडूचे तीन हंगाम भरले असतील, तर कॅप ओलांडूनही त्याला कमाल पगार (लीगने एका खेळाडूसाठी ठरवलेली वरची मर्यादा) देता येतो. दोन हंगाम भरले असतील तर आधीच्या पगाराच्या १७५ टक्के किंवा लीगच्या सरासरीच्या १०५ टक्के, यांपैकी जास्त रक्कम. एकच हंगाम असेल तर साधारण १२० टक्के.

इथे बरेच जण चुकतात : तीन हंगाम एकाच संघात काढावे लागत नाहीत. ट्रेड (संघांमधली खेळाडूंची अदलाबदल) झाला तर हक्क खेळाडूबरोबर नव्या संघाकडे जातो. मात्र संघाने त्याला मोकळं केलं आणि वेव्हरवर, म्हणजे इतर संघांना मिळणाऱ्या मुदतीत, कोणी उचललं नाही, तर मोजणी पुन्हा शून्यापासून.

केविन ड्युरँटचं २०१७ चं उदाहरण पाहा. वॉरियर्स संघाकडे त्याचा एकच हंगाम झाला होता. २ कोटी ६५ लाखांच्या पगारावर १२० टक्के म्हणजे ३ कोटी १८ लाख. त्याचा कमाल पगार होता ३ कोटी ४७ लाख. तो द्यायचा तर कॅपखाली जागा करावी लागली असती आणि त्यासाठी इग्वोडाला व लिव्हिंग्स्टन या सहकाऱ्यांवरचे हक्क सोडावे लागले असते. ड्युरँटने अडीच कोटी घेतले आणि दोघेही संघात राहिले.

प्रश्न : करार संपलेल्या खेळाडूंचे पगार वजा करून मी संघाची मोकळी जागा काढतो, पण आकडा दरवेळी चुकतो. असं का होतं?

उत्तर : तुमच्या हिशेबात कॅप होल्ड, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूसाठी अडकून राहणारी रक्कम, धरलेला नाही. करार संपला तरी खेळाडूचं नाव हिशेबातून जात नाही. बर्ड हक्क असलेल्या खेळाडूचा पगार सरासरीपेक्षा जास्त असेल तर त्याच्या १५० टक्के रक्कम संघाच्या खात्यावर बसते. समजा, चालू करार ११ कोटींचे आहेत आणि २ कोटी पगार असलेल्या एका खेळाडूचा करार संपला. तुम्हाला साडेचार कोटींची जागा दिसते. पण ३ कोटींचा होल्ड धरला की उरतात जेमतेम दीड कोटी. पूर्ण जागा हवी असेल तर त्या खेळाडूवरचा हक्क लेखी सोडावा लागतो, आणि मग बर्ड सवलतही गेली.

हाच होल्ड कधी संघाच्या पथ्यावर पडतो. टायरिस मॅक्सीचा ड्राफ्टनंतरचा (ड्राफ्ट म्हणजे नव्या खेळाडूंची निवड) पहिला करार २०२४ मध्ये संपला. पगार ४३ लाख होता, त्याच्या तिप्पट म्हणजे १ कोटी ३० लाखांचा होल्ड. कमाल पगार ३ कोटी ५१ लाख. त्याच्या संघाने, सिक्सर्सनी, त्याच्याशी आधीच मुदतवाढ केली नाही. आधी मोकळ्या जागेत पॉल जॉर्जला ४ कोटी ९२ लाखांवर आणलं, मग बर्ड हक्काने मॅक्सीला कमाल पगार दिला. क्रम उलटा असता तर २ कोटी २१ लाखांची जागा आधीच भरली असती आणि जॉर्ज आलाच नसता. संघाच्या हिशेबनिसाचं खरं कसब असा क्रम लावण्यात असतं.

प्रश्न : दुसऱ्या एप्रनला, म्हणजे कॅपच्या वर पगारखर्चासाठी आखलेल्या दोन रेषांपैकी वरच्या रेषेला, संघ इतके का घाबरतात? जास्तीच्या पगारखर्चावरचा लक्झरी टॅक्स तर आधीही होताच.

उत्तर : टॅक्स हा पैशांचा प्रश्न आहे, श्रीमंत मालक तो भरून टाकतो. दुसरा एप्रन, म्हणजे २०२५-२६ साठी २० कोटी ७८ लाख, संघाचे हातच बांधतो. ट्रेडमध्ये दोन खेळाडूंचे पगार जोडून एक मोठा खेळाडू आणता येत नाही, पाठवलेल्या पगारापेक्षा एक डॉलरही जास्त घेता येत नाही, रोख रक्कम देता येत नाही आणि कॅपवर असतानाही बाहेरचा खेळाडू घेऊ देणारी ५७ लाखांची छोटी मिड-लेव्हल सवलतही मिळत नाही. शिवाय सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीचा ड्राफ्ट पिक (निवडीचा हक्क) गोठतो, म्हणजे ट्रेडमध्ये देता येत नाही. २०२४ च्या विजेत्या सेल्टिक्स संघाने पुढच्याच उन्हाळ्यात ज्रू हॉलिडे आणि पोर्झिंगिस यांना पाठवलं, ते खर्च या रेषेखाली आणण्यासाठीच.

रेषेखालच्या संघांसाठीही एक सापळा आहे. १ कोटी ४१ लाखांच्या पूर्ण मिड-लेव्हलमधून ५७ लाखांपेक्षा जास्त वापरले, की पहिला एप्रन, म्हणजे १९ कोटी ५९ लाख, ही ३० जूनपर्यंत पक्की भिंत होते. जुलैत हे जाणवत नाही. फेब्रुवारीत कोणी जखमी झाला, बदली खेळाडूला किमान पगार द्यायलाही जागा उरली नाही, की कळतं. म्हणून ही सवलत वापरताना भिंतीखाली निदान दोन किमान पगारांइतकी जागा राखावी.