घर तीन युनिटचं, झोनिंग दोनचं, अप्रेझलमध्ये अडकेल का?

अडकू शकतं, म्हणजे लोनसाठी घराची किंमत ठरवायला येणारा अप्रेझर झोनिंगवर (त्या जागेवर किती घरं चालतात हा गावाचा नियम) बोट ठेवू शकतो, पण तिसरं युनिट, म्हणजे तिसरं स्वतंत्र राहतं घर, आलं कधी यावर सगळं आहे. अमेरिकेत २ ते ४ युनिटसाठी अप्रेझर ठरलेला फॉर्म भरतो, त्यात झोनिंगपुढे चारच चौकटी असतात, लीगल, लीगल नॉनकन्फॉर्मिंग, नो झोनिंग आणि इलीगल. आधी तीन युनिट कायदेशीर होती आणि नियम नंतर बदलला तर तुम्ही दुसऱ्या चौकटीत, म्हणजे ग्रँडफादर्ड (जुना हक्क म्हणून चालू दिलेलं), लोन सहसा होतं. कुणीतरी परमिट न काढता बेसमेंटमध्ये ओटा-सिंक टाकून भाडेकरू ठेवला असेल तर मात्र इलीगल, मग त्या युनिटचं भाडं बहुतेक लेंडर (कर्ज देणारे) उत्पन्नात धरतच नाहीत.

आणि एक, टॅक्स रेकॉर्डला ३ फॅमिली लिहिलंय म्हणून निवांत राहू नका, तो कर लावणारा विभाग, झोनिंगवाले वेगळे. जुनं परमिट किंवा सर्टिफिकेट ऑफ ऑक्युपन्सी (राहण्यासाठीचा गावाचा परवाना) शोधा. अप्रेझर तर बाहेरचे मीटर मोजतो हो, स्वयंपाकघरं तीन आणि इलेक्ट्रिक मीटर दोन दिसले की प्रश्न सुरू.

ग्रँडफादर्ड असेल तरी लेंडर रीबिल्ड लेटर मागू शकतो, म्हणजे घर जळलं तर परत तीनच युनिट बांधता येतील असं झोनिंग ऑफिसने लिहून द्यायचं. बऱ्याच गावांत ५०% पेक्षा जास्त नुकसान झालं की जुना हक्क जातो, लेंडरला भीती त्याचीच. हे पत्र यायला वेळ लागतो म्हणून अप्रेझलची वाट न बघता आजच अर्ज टाका.