एंग्लंड गॅम्बिट खेळावा का?

बुद्धिबळात पांढऱ्याच्या डी४ ला काळ्याने लगेच ई५ खेळणं, म्हणजे एंग्लंड गॅम्बिट (सुरुवातीलाच प्यादं देऊन खेळणं), ब्लिट्झमध्ये, म्हणजे अगदी कमी वेळाच्या डावात, चालून जातं, पण पक्कं नाही. सापळा झकास आहे, हे मान्य. तुझा, म्हणजे काळ्याचा, वजीर बी४ वर शह देऊन बी२ चं प्यादं खातो. पांढऱ्याने घाईत उंट सी३ वर आणला की तुझा उंट बी४ वर येऊन त्याला जखडतो, आणि पांढऱ्याचा हत्ती तरी जातो नाहीतर सी१ वर मात. पण समोरच्याने उंटाऐवजी घोडा सी३ वर काढला तर? त्याचा हत्ती बी१ वर येतो, तुझा वजीर पळत सुटतो, बाकी मोहरी घरातच. प्यादं देऊनच खेळायचं असेल तर बुडापेस्ट गॅम्बिट बघ, तिथे ते बहुतेक वेळा परत मिळतं. मात्र त्यासाठी पांढऱ्याने दुसऱ्या चालीला सी४ खेळायला हवं.