लांबचं युद्ध, जवळचा ओढा

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. चार पानं भरून लिहिलंस, बरं वाटलं. वाचून झाल्यावर ती पानं टेबलावर ओळीने मांडून पाहिली. पावणेतीन पानं युद्धाची: कुणी आधी सुरुवात केली, कोण कुणाच्या पाठीशी आहे, कोण खोटं बोलतंय. मग पान-सव्वा पान राजकारण. आणि अगदी शेवटी, सहीच्या जरा वर, एकच ओळ: ‘घरामागच्या ओढ्याला हल्ली कसलासा वास येतो, पण आपल्या हातात काय आहे?’

मी त्या ओळीपाशी अडले. हजारो मैलांवर जे चाललंय, ज्यातलं तुझ्या डोळ्यांनी काहीही पाहिलेलं नाही, त्यावर तुझं मत पक्कं. जे खिडकीतून दिसतं त्यावर मतच नाही, नुसता सुस्कारा. युद्धावर बोलू नकोस असं मी म्हणणार नाही, त्याकडे मी येतेच. पण आधी ओढ्याचं बोलू. मत कसं बनवायचं हे तिथे शिकता येतं, कारण तिथे तुला स्वतः जाऊन खातरजमा करता येते.

‘कसलासा वास’ म्हणजे कसला? कुजलेल्या अंड्यासारखा असेल तर पाण्यातला प्राणवायू संपलाय आणि तळाशी घाण सडतेय असं समज. बहुतेक वेळा त्यामागे सांडपाणी असतं. रंगाच्या डब्यासारखा किंवा नाकात झोंबणारा असेल, आणि तोही ठरावीक रात्रीच येत असेल, तर कुणीतरी काहीतरी सोडतंय. रोज येतो का? पावसानंतर वाढतो की उतरतो? मासे पाण्यावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात का, आणि किती वाजता? पाण्यातला प्राणवायू पहाटे सगळ्यात कमी असतो, कारण रात्रभर पाणवनस्पतीसुद्धा तो वापरत असतात, तयार करत नाहीत. म्हणून दुपारी बाराला जाऊन ‘मासे तर ठीक दिसतात’ म्हणणाऱ्यावर विसंबू नकोस. फेस दिसला म्हणून लगेच साबण किंवा रसायन ठरवू नकोस, कुजलेल्या पानांमुळेही तपकिरी फेस येतो.

एक वही कर. आठवड्यातून दोनदा, त्याच जागी, त्याच वेळी जा. तारीख, वेळ, आदल्या दिवशी पाऊस होता का, पाण्याचा रंग, वास. एका पारदर्शक बाटलीत पाणी घे, मागे पांढरा कागद धरून पाहा आणि बाटलीवर चिठ्ठी पेन्सिलनेच लिहून चिकटव, शाई ओलीने पसरते. बाटली रात्रभर तशीच ठेव. सकाळी तळाशी काय बसलंय, वर तवंग आहे का, तेही लिही. ही बाटली पुरावा म्हणून कुणी मानणार नाही, तपासणीचा नमुना घ्यायची पद्धत वेगळी असते. ती तुझ्या स्वतःच्या डोळ्यांसाठी. हातमोजे घाल, एकटी जाऊ नकोस. आणि महिनाभराने ओढ्याच्या वरच्या अंगाला चालत जा. वास जिथे थांबतो, त्याच्या थोडं खालीच बहुधा उत्तर असतं.

हे सगळं तज्ज्ञांनी करायचं काम आहे असं तुला वाटेल. मिनामाताची गोष्ट तुला वर्गात सांगितली होती, पण तेव्हा तू लहान होतीस, म्हणून पुन्हा सांगते. जपानमधल्या या गावात आधी मांजरांना काहीतरी झालं. ती झटके येऊन वेडीवाकडी नाचत, समुद्रात पडत. हे पाहिलं ते कोळ्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी. माणसांच्या आजाराची अधिकृत नोंद १ मे १९५६ ला झाली. हात थरथरणं, बोलता न येणं, चालताना तोल जाणं. मूळ होतं चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून खाडीत जाणारा पारा. तो माशांत साठायचा आणि माशांतून माणसांत यायचा. कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी १९५९ मध्ये सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखवलं. त्याच वर्षी कंपनीच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी एका मांजराला कारखान्याचं सांडपाणी अन्नातून दिलं आणि त्या मांजराला तोच आजार झाला. कंपनीने ते बाहेर येऊ दिलं नाही. उलट डिसेंबरात सांडपाणी शुद्ध करायची नवी यंत्रणा बसवली, तिचा समारंभ केला, आणि अध्यक्षांनी सगळ्यांसमोर पेलाभर पाणी पिऊन दाखवलं. ज्या विभागातून पारा येत होता, त्याचं पाणी त्या यंत्रणेतून जातच नव्हतं.

सरकारने कारण अधिकृतपणे मान्य केलं सप्टेंबर १९६८ मध्ये. मधल्या काळात, १९६५ मध्ये, जपानमधल्याच निगाता इथे दुसऱ्या एका कंपनीमुळे तोच आजार पुन्हा उद्भवला.

मी ही गोष्ट वर्षानुवर्षं शिकवली, तरी तो पेला मनातून जात नाही. तुलाही असे पेले दाखवले जातील. ‘सगळं मर्यादेत आहे’ असं लिहिलेलं एक पान दिलं जाईल. तेव्हा चिडू नकोस, विचार: नमुना कुठून घेतला? सांडपाणी ओढ्याला येऊन मिळतं त्या तोंडाशी की दोन किलोमीटर खाली? कोणत्या महिन्यात, किती वेळा? काय काय तपासलं? जे तपासलंच नाही ते अहवालात सापडत नाही आणि तरीही अहवाल स्वच्छ दिसतो. अहवालाचा गोषवारा सगळे वाचतात, तू शेवटचे तक्ते वाच. १९९२ मध्ये रिओ इथल्या संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण परिषदेने जो जाहीरनामा काढला, त्यातलं दहावं तत्त्व हेच सांगतं की पर्यावरणाच्या प्रश्नात नागरिकांना माहिती मिळाली पाहिजे, निर्णयात भाग घेता आला पाहिजे आणि दाद मागता आली पाहिजे. हा हक्क मागताना ओशाळू नकोस. तक्रार लेखी दे, तारखांसह दे आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नकोस.

आणखी एक. घाण सोडणारा सापडला तर तिथे काम करणाऱ्यांशीही बोल. त्यांची चूल त्या कामावर पेटते आणि त्यांची मुलंही त्याच काठावर राहतात. मिनामातात आजारी माणसांना शेजाऱ्यांनीच वाळीत टाकल्यासारखं वागवलं, कारण सगळं गाव कारखान्यावर जगत होतं. ‘बंद करा’ ही मागणी सोपी आहे. ‘हा पाईप बंद करा, शुद्धीकरण चालू करा, अमुक तारखेपर्यंत’ ही मागणी लिहायला जास्त अभ्यास लागतो आणि ती टाळणंही जास्त अवघड जातं.

आता राजकारण. तू लिहिलंस की सगळे सारखेच, आणि पुढच्याच परिच्छेदात एका पक्षाची बाजू इतक्या त्वेषाने घेतलीस की मला आधीचा परिच्छेद पुन्हा वाचावा लागला. पक्ष आवडणं गैर नाही. पण तुझ्या आवडत्या पक्षाने केलेली एखादी गोष्ट, जी दुसऱ्याने केली असती तर तू रस्त्यावर आली असतीस, ती शोधून मला लिही. सापडली नाही तर अजून शोध, असतेच. १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर पाच दिवस कोळशाच्या धुराचं दाट धुकं बसलं. सुरुवातीच्या हिशोबात सुमारे ४,००० माणसं दगावली, नंतरच्या अभ्यासांनी हा आकडा १२,००० पर्यंत नेला. सरकार आधी इन्फ्लुएंझाकडे बोट दाखवत राहिलं, कायदा करायला राजी नव्हतं. तेव्हा सत्ताधारी हुजूर पक्षाचेच खासदार जेराल्ड नबारो यांनी खासगी विधेयक आणून स्वतःच्या सरकारला पेचात पकडलं, आणि १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला. ते पक्षातच राहिले. पक्षात राहूनही धूर हा धूरच आहे असं म्हणता येतं.

मत बदललं तर ते उघडपणे बदल. कशामुळे बदललं तेही सांग. लोक टोमणे मारतील, मारू देत.

युद्धाबद्दल लिहिताना माझा हात जड होतो. काही वर्षांपूर्वी मी ढिगाऱ्यात बसलेल्या एका लहान मुलाचा फोटो पुढे पाठवला होता. खाली संतापून चार ओळीही लिहिल्या होत्या. एका जुन्या विद्यार्थ्याने कळवलं की बाई, हा फोटो या युद्धातला नाही, कितीतरी आधीच्या दुसऱ्याच युद्धातला आहे. मी त्याला काय उत्तर दिलं माहीत आहे? ‘असेना, मुद्दा तर खरा आहे ना.’ त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्या मुलाचं दुःख मी वापरलं, ते कोणत्या देशाचं, त्याचं पुढे काय झालं, यातलं काहीही मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी ते ज्यांना पाठवलं होतं त्या प्रत्येकाला चूक कळवली.

‘मुद्दा तर खरा आहे’ या वाक्याने फार नुकसान केलंय. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतवर आक्रमण केलं. ते आक्रमण खरं होतं, तिथले अत्याचारही खरे होते. ऑक्टोबरमध्ये अमेरिकी लोकप्रतिनिधींसमोर १५ वर्षांच्या एका मुलीने रडत सांगितलं की सैनिकांनी रुग्णालयात काचेच्या पेट्यांमधली बाळं काढून थंड फरशीवर मरायला टाकली. राष्ट्राध्यक्षांनी ती हकिगत पुन्हा पुन्हा सांगितली, काही सिनेटरांनी भाषणांत तिचा दाखला दिला. जानेवारी १९९१ मध्ये सिनेटने इराकविरुद्ध बळाच्या वापराला ५२ विरुद्ध ४७ मतांनी परवानगी दिली. पुढे १९९२ मध्ये उघड झालं की ती मुलगी कुवेतच्या अमेरिकेतल्या राजदूतांची कन्या होती आणि तिची साक्ष एका जनसंपर्क कंपनीच्या मोहिमेचा भाग होती. बाळांच्या त्या हकिगतीला पुरावा मिळाला नाही. अन्याय खरा असतानाही त्याचा पुरावा खोटा असू शकतो, आणि पुरावा खोटा निघाला म्हणून अन्याय पुसला जात नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी डोक्यात धरणं कठीण आहे, पण तुझ्याकडून मी तेवढी अपेक्षा करते.

मग लांबच्या युद्धाबद्दल काय म्हणायचं? बाजू निवडण्याआधी माप निवड. १९४९ चे चार जिनिव्हा करार जगातल्या सगळ्या देशांनी मान्य केलेत. जखमी, युद्धकैदी, सामान्य नागरिक यांना कसं वागवायचं ते त्यात लिहिलंय. लढणारा आणि न लढणारा यांत फरक करा, रुग्णालयावर हल्ला करू नका, ओलीस धरू नका. हे माप हातात घे आणि तुला ज्याची बाजू पटते त्यालाच आधी लाव. शत्रूच्या बाजूची मेलेली मुलं मोजताना तुझा आवाज खाली येतो का, हे स्वतःच ऐक. तुझ्या पत्रात एका बाजूच्या मृतांचा उल्लेख सहा वेळा आहे आणि दुसऱ्या बाजूच्या मृतांचा एकदाही नाही. मी मोजले, म्हणून सांगते.

लांबून काहीच करता येत नाही असंही मानू नकोस. जमिनीत पेरलेल्या सुरुंगांविरुद्धची मोहीम १९९२ मध्ये सहा संघटनांनी सुरू केली. डिसेंबर १९९७ मध्ये कॅनडात ओटावा इथे बंदीच्या करारावर सह्या झाल्या, त्याच वर्षी त्या मोहिमेला शांततेचं नोबेल मिळालं. त्या लोकांनी एकच गोष्ट धरली आणि ती नीट समजून घेतली: सुरुंग कसा काम करतो, युद्ध संपल्यावर किती वर्षं जमिनीत राहतो, त्यावर पाय कुणाचा पडतो. अमेरिका, रशिया, चीन, भारत त्या करारात नाहीत, आणि २०२५ मध्ये युरोपातल्या काही देशांनी त्यातून बाहेर पडायचं ठरवलं. म्हणजे काम अजून पडलेलं आहे, हवं असेल तर त्यातलं घे. ओढ्याकाठी वही भरणारी माणसं आणि ही माणसं एकाच सवयीची आहेत असं मला नेहमी वाटत आलंय.

ओढ्याला मात्र पाऊस लागायच्या आधी सुरुवात कर. पाणी वाढलं की सगळं पातळ होतं, वास उतरतो, आणि लोक म्हणतात, बघा, सुटला प्रश्न. त्याआधीचा निदान महिनाभर तुझ्या वहीत असायला हवा. पहिली दोन पानं झाली की त्यांचे फोटो मला पाठव. अक्षर वाईट असलं तरी चालेल, वेळ आणि तारीख तेवढी स्पष्ट लिही.

तुझ्या
बाई