वकिली वगळून जज होता येईल का?

"सर, मी सांगोला तालुक्यातला शेतकरी. थोरली मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, हुशार आहे. तिला जज करायचं माझ्या मनात आहे, रामशास्त्र्यांसारखं. पण आता तीन वर्षं वकिली केल्याशिवाय परीक्षाच देता येत नाही, असं कळलं. वकिली मात्र नको. वाटपाच्या दाव्यात २०११ पासून मी तारखा करतोय, ते जग मी जवळून पाहिलंय. पोरीच्या जातीला ते बरं नाही. शिवाय पंचविशीच्या आत लग्नाचं बघायचंय. मधला काही मार्ग आहे का? जज झाल्यावर ती जवळपास राहील का? तिला विचारलं तर 'बघू' म्हणते."

दादा, नमस्कार.

मधला मार्ग होता, तो अलीकडेच बंद झाला. २००२ पासून वकिलीच्या अनुभवाची सक्ती नव्हती. आपल्याकडे कायद्याच्या पदवीला ठरावीक गुण असले आणि वय २५ च्या आत असलं, की ताज्या पदवीधरालाही दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) व न्यायदंडाधिकारी (प्रथम वर्ग) या पदाची परीक्षा देता यायची. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. निकाल देणाऱ्या पीठावर तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई होते, आपल्या अमरावतीचे. कोर्टाची पायरी न चढता थेट खुर्चीत बसलेल्यांना काम जड जातं, असा अनुभव बहुतेक उच्च न्यायालयांनी कळवला होता. माझं मत विचाराल तर अट योग्य आहे. रामशास्त्र्यांना प्रिलिम नव्हती, हे मात्र खरं.

आता वकिलीबद्दल. तुम्ही हे जग पक्षकाराच्या बाकावरून पाहिलंय. तिथून दिसते ती पुढची तारीख, वकिलाची फी आणि व्हरांड्यातली गर्दी. आत काय चालतं ते दिसत नाही. मी स्वतः दोन वर्षं एका तालुका कोर्टात ज्युनिअर होतो. पहिल्याच आठवड्यात सिनिअरने एक निशाणी पाचचा अर्ज, म्हणजे तात्पुरत्या मनाई हुकमाचा, लिहायला दिला. बांध कोरल्याची तक्रार होती. मी तीन पानं झकास भाषेत लिहिली. सिनिअरने विचारलं, "गट नंबर कुठाय? चतुःसीमा कुठाय? पेरणी कुणी केलीय?" तीन पानांत यातलं एकही नव्हतं. कॉलेजात मी मालमत्ता हस्तांतरण कायद्यात वर्गात पहिला होतो.

उद्या जज म्हणून तुमच्या लेकीपुढे हेच येणार आहे. वाटप, बांध, वहिवाटीचा रस्ता, विहिरीतला हिस्सा, चेक न वटल्याचे १३८ चे खटले, पोटगी, हाणामारी. सातबारावरचं नाव आणि जमिनीवरचा कब्जा यांत फरक पडतो तो का, रस्त्याचा वाद १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारापुढे न्यायचा की दिवाणी कोर्टात, साक्षीदार "मला आठवत नाही" म्हणतो तेव्हा त्याला खरंच आठवत नाही की गावात राहायचंय म्हणून, हे क्लासच्या नोट्समध्ये मिळत नाही. शेतकऱ्याच्या घरातल्या पोरीला यातलं निम्मं आधीच ठाऊक असतं. शहरातून आलेल्या उमेदवाराला फेरफार म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागते.

भाषेचंही तसंच. १९९८ च्या अधिसूचनेनंतर आपल्या जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. साक्ष मराठीत होते, दावे आणि कैफियती, म्हणजे दाव्याला दिलेली लेखी उत्तरं, मराठीत लिहिल्या जातात. उच्च न्यायालयाचं काम मात्र इंग्रजीत आणि तिथले निवाडे वाचल्याशिवाय कुणाचं चालत नाही. पदासाठी मराठी-इंग्रजी दोन्हीकडून भाषांतर जमावं लागतं. तिची इंग्रजी कच्ची असेल तर आत्तापासून रोज एक निवाडा वाचायला लावा. पहिले सहा महिने डोकं दुखेल, मग सवय होते.

मार्ग असा आहे. बी.ए.नंतर राज्याच्या सीईटी कक्षाची तीन वर्षांच्या एलएल.बी.ची प्रवेश परीक्षा. सोलापूरचं दयानंद विधी महाविद्यालय तुम्हाला जवळ, कोल्हापूरचं शहाजी किंवा पुण्याचं आयएलएस लांब पण जुनं आणि नावाजलेलं. गुण साथ देतील तिथं घाला, फक्त हजेरीपुरतं कॉलेज नको. पदवीनंतर बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाची सनद, म्हणजे वकिलीचा परवाना. पूर्वी सनदेला बरेच हजार मोजावे लागत. जुलै २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर खुल्या गटाला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये, याहून जास्त नोंदणी फी घेता येत नाही. कुणी इतर खर्च सांगून फुगवलेला आकडा मागितला तर पावती मागा. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा. तीन वर्षं मोजली जातात ती सनद मिळाल्यापासून.

इथं एक धोका आहे. सनद काढायची, कोर्टात जायचं नाही, घरी बसून परीक्षेचा अभ्यास करायचा आणि शेवटी ओळखीच्या वकिलाकडून दाखला घ्यायचा, ही पळवाट लोकांनी लगेच शोधली. दाखला किमान दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाचा लागतो, आणि त्यावर न्यायिक अधिकाऱ्याची मोहोर लागते. ज्या कोर्टात ती कधी उभीच राहिली नाही, तिथला जज सही का करेल? वकीलपत्रावर सिनिअरच्या नावाखाली तिचं नाव पहिल्या दिवसापासून घालायला सांगा. डायरीत खटल्याचा क्रमांक, तारीख आणि त्या दिवशी तिने काय केलं, एवढं लिहून ठेवलं तरी पुरे.

पैशाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण खरा प्रश्न तोच आहे. ज्युनिअरला ग्रामीण भागात दरमहा १५ हजार आणि शहरात २० हजार द्यावेत, असं बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुचवलं. सुचवलं, बंधन घातलेलं नाही. तालुक्याला प्रत्यक्षात काय मिळतं ते तुमच्याच वकिलाच्या ज्युनिअरला विचारा, तो हसेल. पहिलं वर्ष शून्यच धरा, बसचं भाडं आणि जेवण घरून. हा खर्च झेपणार नसेल तर आत्ताच बोला, मागून पोरीला ऐकवू नका. माझ्या बॅचमधली दोन चांगली डोकी याच तीन वर्षांत गळाली, एक बँकेत गेला, दुसरा पतसंस्थेत वसुलीला.

सिनिअर निवडताना मोठं नाव बघू नका. ज्याच्याकडे दिवाणी कामं भरपूर आहेत आणि जो ज्युनिअरला उलटतपास घेऊ देतो, तो बघा. बायकांना फक्त पोटगीच्या फाइली द्यायच्या असं काही ठिकाणी चालतं, तिथं नको. महिला वकिलांना बसायला जागा, स्वच्छतागृह, संध्याकाळी घरी यायला एसटी, हेही बघा. तुमची काळजी इथं रास्त आहे, मी ती झटकून टाकत नाही.

परीक्षा एमपीएससी घेते: चाळणी, दोनशे गुणांची मुख्य परीक्षा, पन्नास गुणांची मुलाखत. सुरुवातीचं मूळ वेतन ७७,८४० रुपये, भत्ते वेगळे. वयाची आणि अनुभवाची अट मात्र त्या वर्षीच्या जाहिरातीत वाचा, क्लासवाल्याच्या पत्रकात नको. हिशेब मांडला तर आज ती एकवीस, एलएल.बी. होईल तेव्हा चोवीस, वकिलीची तीन वर्षं होईतो सत्तावीस, आणि नेमणूक हाती पडेपर्यंत तिशी. पंचविशीच्या लग्नात हे बसत नाही असं नाही, पण "लग्नानंतर बघू" म्हणणाऱ्या घरात बसत नाही. सोयरिकीच्या बोलणीत हा हिशेब उघडपणे मांडा.

जवळ राहील का, तर नाही. न्यायाधीशाला आपल्या गावाजवळ ठेवत नाहीत आणि दर काही वर्षांनी बदली होते. आज अक्कलकुवा, उद्या देवरुख. आणखी एक, जे सहसा कुणी सांगत नाही. जज झाल्यावर माणूस एकटा पडतो. गावातल्या लग्नात कुणाच्या पंगतीला बसायचं याचाही विचार करावा लागतो, कारण शेजारी बसलेला उद्या पक्षकार असू शकतो. तुमच्या मुलीला माणसांत रमायला आवडत असेल तर याचा विचार आधी करा. तिथं वकिली जास्त मानवेल. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झालंय, सोलापूर जिल्हा त्यात येतो. चाळीस वर्षांहून जुनी मागणी होती ती. सांगोल्याच्या अपिलासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही, म्हणजे आपल्या भागातल्या वकिलाला घरून निघून उच्च न्यायालयात उभं राहता येतं. सात वर्षांच्या वकिलीनंतर जिल्हा न्यायाधीशपदाची थेट परीक्षाही असते. सहायक सरकारी अभियोक्ता हाही मार्ग आहे, तोही एमपीएससीतून.

आणि ते "बघू". दीड पानाच्या पत्रात मुलीचा एवढा एकच शब्द आहे, तोही शेवटी. मला त्यातून काहीच कळलं नाही, तुम्हालाही कळलं नसावं. म्हणून सीईटीचा अर्ज भरण्याआधी एक काम करा. तुमच्या दाव्याच्या नकला घरात असतीलच. दावा, कैफियत, काढलेले मुद्दे, आजवरचे रोजनामे (दर तारखेला काय झालं त्याची कोर्टाची नोंद), सगळं तिच्यापुढे ठेवा. सोळा अंकी सीएनआर क्रमांक टाकला की ई-कोर्ट्सच्या ॲपवर तारखाही दिसतात. तिला सांगा, महिनाभरात वाचून दोन पानांत लिही, की दावा कुठं अडकलाय आणि तू जज असतीस तर काय केलं असतंस. मुदतीचे अर्ज कुणी किती दिले ते तिला मोजू द्या, त्यात तुमच्या बाजूचेही निघतील. आत्यांना पक्षकार केलंय का, हेही ती विचारेल. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे, तेव्हा उत्तर तयार ठेवा.

कंटाळून फाइल परत दिली तर मला कळवा, दुसरं काही बघू. प्रश्न विचारत बसली, तर पुढच्या तारखेला तिला सोबत न्या. बाकावर नको, आत कोर्ट हॉलमध्ये मागे उभं राहू द्या, साडेदहापासून मधल्या सुट्टीपर्यंत.