नववीची केमिस्ट्री: सूत्रं घोकू नको

हे बघ, आधी ती सगळी रेणुसूत्रं घोकायचं सोड, पेपरात निम्मी उलटीसुलटीच होतात. पहिली २० मूलद्रव्यं, हायड्रोजन ते कॅल्शियम, क्रमाने पाठ कर, तेवढं पाठांतर लागतंच, त्याला इलाज नाही. मग इलेक्ट्रॉन संरूपण (कुठल्या कवचात किती इलेक्ट्रॉन) काढ म्हणजे संयुजा (किती इलेक्ट्रॉन द्यायचे-घ्यायचे तो आकडा) आपोआप कळते, मॅग्नेशियम २, ८, २ म्हणजे शेवटचे २ देऊन टाकणार, क्लोरीन २, ८, ७ त्याला १च पाहिजे, म्हणून एका मॅग्नेशियमला दोन क्लोरीन, झालं मॅग्नेशियम क्लोराइड.

संयुग का मिश्रण यात गोंधळ होत असेल तर आपली शेंगाचटणी आठव, लसूण जास्त टाक नाहीतर तिखट, चटणी ती चटणीच, ते झालं मिश्रण. पाण्याचं तसं नाही बे, ते संयुग, उजनी धरणाचं घे नाहीतर नळाचं (आलं तर!), शुद्ध केलं की हायड्रोजन-ऑक्सिजनचं वजन १:८च. आणि संयुगात गुणधर्म पण पार बदलतात, सोडियम पाण्यात पडला की भडकतो, क्लोरीन विषारी वायू, दोघं मिळून ताटातलं मीठ! सल्फेट, नायट्रेट वगैरे मूलकं (अणूंचे भारित गट) सध्या राहू दे, संयुजा पक्की झाली की मग घे.