मुंबईत लोकलने ऑफिसला जाताना घडीची सायकल सोबत नेणं जमतं का?
जमतं, पण वेळ सांभाळली तर. मी २० इंची चाकांची, साधारण १२ किलोची सायकल तीन वर्षं वापरतोय. घर ते स्टेशन आणि स्टेशन ते ऑफिस, दोन्हीकडे रिक्षाची रांग वाचते. सकाळी सातच्या आधीची गाडी पकडा. नऊच्या गर्दीत ती डब्यात चढवणं म्हणजे इतरांच्या पायांवर अन्याय आहे. खरी परीक्षा पुलाच्या जिन्यावर होते, म्हणून घेण्याआधी दुकानात घडी घालून, उचलून दोन मजले चढून बघाच.

छोटं चाक पेव्हर ब्लॉकच्या फटीत पटकन अडकतं. फट नेहमी आडवी ओलांडा, तिच्या रेषेत चाक घालू नका. हवा दर आठवड्याला. आणि फ्रेमच्या बिजागरीची खिट्टी रोज निघताना हाताने दाबून बघा. ती सैल झाली की पेडल मारताना कटकट आवाज येतो, तेव्हा लगेच थांबा. पावसाळ्यात पोचल्या पोचल्या बिजागरी कोरडी पुसायची, मग तेलाचा एक थेंब.

चेनचं काळं कुणाच्या पँटला लागू नये म्हणून मी जुन्या चादरीची पिशवी शिवून घेतली. त्या पिशवीसकट सायकल टेबलाखाली मावते.