वनस्पतींच्या लॅटिन नावांना काही अर्थ असतो का, की ती नुसती पाठच करायची?

अर्थ असतो, आणि तो एकदा कळला की पाठ करायची फारशी वेळच येत नाही. मी अकरावी-बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. दसऱ्याच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या तासाला मी आपट्याची पानं घेऊन जाते आणि प्रत्येकाच्या हातात एकेक देते.

तुम्हीही एक पान हातात घेऊन पाहा. टोकाशी मधोमध खाच, दोन्हीकडे सारख्याच गोलाईचे दोन भाग, आणि देठाकडे मात्र दोन्ही एकजीव. आपट्याचं शास्त्रीय नाव बौहिनिया रेसिमोसा. योहान आणि कास्पर बौहिन हे दोन सख्खे भाऊ, दोघंही वनस्पतिशास्त्रज्ञ. धाकट्या कास्परने 1623 साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात सुमारे 6000 वनस्पतींची नावं एकत्र करून छापली होती. या जोडपानाला त्या दोन भावांचं नाव मिळालं. रेसिमोसा म्हणजे तुऱ्यांनी फुलणारी. हे सांगितल्यावर मुलं पान घडी घालून दोन्ही भाग जुळवून बघतात, आणि वर्षअखेरीला ते नाव कुणी चुकत नाही.

दोन शब्दांची ही पद्धत लिनिअस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने 1753 साली सगळ्या वनस्पतींना सरसकट लावली. त्याआधी एका झाडाचं नाव म्हणजे अख्खं वाक्य असायचं. यातला पहिला शब्द प्रजातीचा आणि दुसरा जातीचा. दुसरा शब्द बहुतेकदा विशेषण असतो, आणि इथे मराठी माणसाला फार सोपं जातं, कारण लॅटिन विशेषण आपल्यासारखंच लिंगाप्रमाणे बदलतं. पांढरा, पांढरी, पांढरं, तसं आल्बस, आल्बा, आल्बम. तुती मोरस आल्बा, चंदन सँटॅलम आल्बम. भात ओरायझा सटायव्हा आणि लसूण ॲलियम सटायव्हम, दोन्हीकडे अर्थ एकच: लागवडीचा. पिंपळ मात्र फायकस रिलिजिओसा. फायकस दिसायला पुल्लिंगी, तरी विशेषण स्त्रीलिंगी, कारण लॅटिनमध्ये झाडं सहसा स्त्रीलिंगी धरतात.

पुढच्या वेळी चाकवताची जुडी निवडायला घ्याल तेव्हा कोवळ्या पानावरून बोट फिरवा. बोटाला पिठासारखी पांढरी पूड लागते. चाकवत म्हणजे चिनोपोडियम आल्बम. चिनोपोडियम हे ग्रीक शब्दांवरून आलं, अर्थ हंसाचं पाऊल. पानाचा आकार पाहिलात तर पटेल. आल्बम म्हणजे ती पूड. झाडाचं वर्णन नावातच आहे!

आता 'लॅटिन नावं' म्हणतो खरं, पण त्यांत निखळ लॅटिन किती? आंब्याच्या मँजिफेरा इंडिकामधला 'मांगा' दक्षिणेतल्या भाषांतून पोर्तुगिजांनी उचललेला, लॅटिन फक्त पुढचं 'धारण करणारी'. धोत्र्याच्या दतुरात संस्कृत धत्तूर आहे. कडुनिंबाचं अझाडिरॅक्टा हे फारसी 'आझाद दरख्त', म्हणजे मुक्त वृक्ष.

मला सगळ्यांत जवळचं नाव पारिजातकाचं: निक्टँथिस आर्बर-ट्रिस्टिस. निक्टँथिस म्हणजे रात्री फुलणारा, आर्बर-ट्रिस्टिस म्हणजे दुःखी झाड. गार्सिया द ऑर्टा हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहायचा. 1563 साली गोव्यातच छापलेल्या त्याच्या पुस्तकात या दुःखी झाडावर एक प्रकरण आहे, आणि सूर्यावर प्रेम करून शेवटी जळून गेलेल्या मुलीच्या राखेतून ते उगवल्याची आपली कथाही त्यात आहे. लिनिअसने 1753 साली दिलेल्या नावात ते दुःख कायम राहिलं. पहाटे अंगणात केशरी देठांचा सडा पडतो आणि झाड मोकळं होतं, ते ज्याने पाहिलंय त्याला हे नाव समजावून द्यावं लागत नाही.

याच गार्सियावरून कोकमाला गार्सिनिया इंडिका म्हणतात, असं पुष्कळ जण सांगतात. ते बरोबर नाही. ते नाव लॉरें गार्सिन या दुसऱ्याच वनस्पतिशास्त्रज्ञाचं आहे. म्हणून एक सावधगिरी सांगते: नुसत्या नादसाम्यावरून अर्थ लावू नका.

आणि नावात लिहिलंय म्हणून ते खरंच असेल, असंही धरू नका. चिंच म्हणजे टॅमरिंडस इंडिका. पहिला शब्द अरबी 'तम्र हिंदी'वरून आला, म्हणजे हिंदुस्थानी खजूर. दुसऱ्याचा अर्थ पुन्हा भारतातली. पण झाड मूळचं आफ्रिकेतलं. केवळ अर्थ चुकीचा आहे म्हणून रीतसर दिलेलं नाव बदलता येत नाही, असा वनस्पतींच्या नामकरणाचा आंतरराष्ट्रीय नियम आहे, त्यामुळे चिंचेचं नाव आहे तेच राहणार.